दोन वाजून गेल्यावर

"किती वाजले, गार्डबाई?"

"दीड."

"मघाही दीडच सांगतलं तू."

"मघाशी सव्वा होता, आजी. आता दीड झाला."

रमोतीआजीनं काडेपेटी पुन्हा कमरेला खोचली आणि उपड्या टोपलीवर बसून राहिली. मी मोहाच्या बुंध्याला टेकून बसले होते. बारा वाजल्यापासून आम्ही दोघी तिथं बसून होतो. माझी पाण्याची बाटली केव्हाच संपली होती, आणि आता मी आजीच्या तुंब्यातलं पाणी पीत होते. वाळलेल्या दुधीभोपळ्याच्या त्या तुंब्यात पाणी गार राहतं. मी एक घोट म्हणून घेतला तुंबा आणि निम्मा रिकामा करूनच खाली ठेवला.

"पी, पी," ती म्हणाली. "तुमच्या नांदेडात पानीच नाही म्हनते."

"आहे की पाणी. गोदावरी आहे."

"मंग इथं येऊन काहाले पिऊन राहिली एवढं?"

मला हसू आलं. सत्तरी ओलांडलेली ही म्हातारी गावात कुणाशी धड बोलायची नाही. माझी मात्र रोज उठून टिंगल करायची, आणि मला ती आवडायची. घरापासून चारशे किलोमीटरवर माझ्याशी टिंगलीत बोलणारं दुसरं होतं तरी कोण?

"तो वरचा जेवाले नाही जात का व?" तिनं आभाळाकडं बघून विचारलं.

"तो जेवत नाही, आजी. नुसता बघत जातो."

"आन किती वाजता जाते?"

"दोन. दोन वाजून गेले की पेटवा खुशाल."

हा दोन वाजण्याचा शोध माझा होता. तो लावल्याचा मला केवढा अभिमान होता, ते आज सांगतानाही लाज वाटते.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी, शिवकांता केंद्रे, कंधार तालुक्यातली, वनरक्षक म्हणून गडचिरोलीच्या जंगलात रुजू होऊन आठ महिने झाले होते. आमच्या घरात सरकारी नोकरी लागलेली मी पहिली. पण नोकरी अजून कायम व्हायची होती. परिविक्षेचा काळ सुरू होता, म्हणजे साहेबांच्या मनात आलं तर सामान बांधायचं. आणि फेब्रुवारी उजाडला तसे मोबाईलवर मेसेज यायला लागले. जंगलात कुठं जाळ दिसला की उपग्रह तो टिपायचा, आणि काही तासांत अक्षांश-रेखांश, बीटचं नाव, कक्ष क्रमांक असा मेसेज गार्डाच्या फोनवर आदळायचा. मग त्या जागी जायचं, आग विझवायची, फोटो काढायचे, किती हेक्टर जळलं ते कळवायचं. पहिल्या पंधरवड्यात माझ्या बीटात, म्हणजे माझ्या राखणीच्या जंगलात, अकरा आगी निघाल्या. सगळ्या वनपरिक्षेत्रात, म्हणजे आमच्या रेंजमध्ये, सर्वांत जास्त.

आमचे वनपाल बोरकुटे साहेब. माणूस वाईट नव्हता, पण वरून आलेला दाब खाली देण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. ते मोटरसायकलवरून आले आणि माझ्यापुढं एक नकाशा धरला. त्यावर माझं बीट लाल टिपक्यांनी भरलेलं.

"केंद्रे मॅडम, हे काय आहे?"

"मोहाखालचा पाला जाळतात, सर. फुलं पडायच्या आधी जागा साफ करतात. पूर्वापार."

"ते मला सांगता? मी इथलाच आहे. मी विचारतो, टिपके का दिसतात?"

"आग लागली तर दिसणारच ना, सर."

"तुम्ही परिविक्षेत आहात," ते म्हणाले. "यंदाचा शेरा मलाच लिहायचाय. एवढं ध्यानात ठेवा."

आग लागली नाही पाहिजे, असं ते म्हणाले नाहीत. टिपके दिसले नाही पाहिजेत, असं म्हणाले. तो फरक मला नीट कळला होता, आणि मी कळून सवरून पुढं गेले.

पाला जाळूच नका, झाडून घ्या, असं गावात सांगायचं होतं. कागदावर तेच होतं. मी सांगितलंही. रमोतीआजीनं तेव्हा माझ्या हातात खराटा ठेवला होता.

"तीन झाडं हायेत माही. तू झाडून दे, मी नाही जारत." तिकडच्या बोलीत जाळणं म्हणजे जारणं. "माह्या कमरेत आता नाही तेवढा दम."

मी खराटा परत दिला. माझ्या बीटात मोहाची झाडं सातशेच्या वर होती. कुठं कुठं झाडणार?

मग मी एका वहीत मेसेजवरच्या वेळा उतरवल्या. मेसेज कधी आला ती वेळ नव्हे, उपग्रहानं आग पाहिली ती वेळ. अकराच्या अकरा आगी दुपारी एक ते दोनमध्ये टिपलेल्या. रात्रीही एक फेरी असे, पण तोवर पाला विझून थंड झालेला असायचा. म्हणजे लोक पहाटे पेटवायचे, पाला दुपारपर्यंत धुमसत राहायचा, कुठं पसरायचा, आणि नेमका दीड वाजता वरून पकडला जायचा. दोन वाजून गेल्यावर पेटवला आणि अंधाराच्या आत विझला, तर कुणालाच दिसणार नाही. त्या दिवशी मी आनंदानं दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

घरोघर जाऊन सांगितलं. लोकांना काय, दंड-पोलीस टळत असेल तर सकाळ काय नि दुपार काय. गावाचा सगळा पाला दुपारनंतर जळायला लागला. दहा दिवस झाले, एकही मेसेज नाही. बोरकुटे साहेबांचा फोन आला, "शाब्बास, मॅडम."

एकटी रमोतीआजी ऐकायला तयार नव्हती.

"दुपारी वारा उठते, बाई. सकारी दव असते, पाला ओला असते, आग सांगतलं तेवढंच खाते. दुपारची आग ऐकत नाही कोनाचं."

"सकाळी जाळलं तर मेसेज येतो, आजी."

"येऊ दे न."

"माझी नोकरी जाईल."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "एवढ्यावरून?"

"एवढ्यावरून."

"मंग दुपारी जारू. पन तू ये संगं. एकटी नाही जारत मी."

म्हणून मार्चच्या पहिल्या आठवड्यात, भर उन्हात, आम्ही दोघी तिच्या तीन मोहांखाली दोन वाजायची वाट बघत बसलो होतो.

जागा खोलगट होती. खाली कोरडा नाला, वर सागाचा नि बांबूचा चढ, आणि चढाच्या माथ्यावर कच्चा रस्ता. तिथं माझी दुचाकी लावलेली. मी काही अगदीच बेफिकीर नव्हते. तिन्ही झाडांभोवती हातभर रुंदीचा पट्टा मी स्वतः झाडून काढला होता. ओल्या फांद्यांचे दोन झोडपे तयार ठेवले होते.

दोन वाजून पाच मिनिटांनी आजीनं पहिल्या झाडाखाली काडी लावली. पाला सुरसुरत जळाला आणि पट्ट्याशी येऊन थांबला. दहा मिनिटांत जमीन काळी. दुसरं झाडही तसंच. मी आजीला म्हणाले, "बघा, उगाच भीत होता."

ती चढाकडं बघत होती. तिसऱ्या झाडाखालचा पाला निम्मा जळाला असेल, तेवढ्यात नाल्यातून वावटळ उठली. मराठवाड्यात मी लहानपणापासून वावटळी बघितलेल्या, त्यामागं पळण्यात आमची दुपार जायची. ही मोठी नव्हती. घराएवढी उंच झाली, आमच्या अंगावरून गेली आणि जाता जाता जळती पानं उचलून चढावर टाकून गेली.

सागाची पानं ताटाएवढी असतात आणि मार्चमध्ये घोट्याएवढा थर असतो त्यांचा. मी झोडपा घेऊन धावले. एक जागा विझवली, तर तीन जागा पेटल्या होत्या. मग बांबूच्या एका बेटानं पेट घेतला आणि फटाक्यांची माळ लागावी तसे कांड्यांचे आवाज सुरू झाले. मी मागं वळले. नाल्याच्या बाजूलाही धूर होता. तिकडं कधी पेटलं ते मला दिसलंही नव्हतं.

"आजी, पळा! वर, गाडीकडं!"

तिनं माझं मनगट धरलं. म्हातारीच्या हातात एवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं.

"कुठं पळतं? आग चढाव चढते. तुह्या पायाच्या आधी पोचन ते वर."

"मग काय करायचं?"

"काऱ्यात ये." म्हणजे काळ्यात. "जरलेलं पुन्हा नाही जरत."

तिनं मला ओढत पहिल्या झाडाखाली आणलं, जिथलं सगळं आधीच जळून गेलं होतं. जमीन तापलेली होती, बुटांचे तळ मऊ पडत होते. आजीच्या पायात प्लॅस्टिकच्या चपला. ती टोपली उपडी करून त्यावर बसली आणि मलाही शेजारी बसवलं. आमच्याभोवती साताठ हात काळी जमीन, आणि त्यापलीकडं चारी बाजूंनी जाळ. जाळ आमच्याकडं येत नव्हता. धूर येत होता.

मी फोन काढला. रेंज नव्हती, तिथं कधीच नसायची. वायरलेस गाडीला लटकवलेला. मी ओरडले. आगीच्या आवाजात मलाच माझं ओरडणं ऐकू आलं नाही. मग मला खोकला लागला तो थांबेचना.

आजीनं तुंबा हलवून बघितला. तळाशी चूळभर पाणी होतं. तिनं माझा स्कार्फ ओढून घेतला, सगळं पाणी त्यावर ओतलं आणि माझ्या नाकातोंडावर घट्ट बांधला.

"तुम्हाला?"

"माहं काय. चुलीपाशी म्हातारी झाली मी. धूर माह्या ओरखीचा हाये."

मी स्कार्फ काढला नाही. निम्मा फाडून तिला द्यायचं मला सुचलं नाही, असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. खरं असं आहे की सुचलं होतं. पण तो ओला कपडा तोंडावरून काढायची हिंमत झाली नाही.

ती पदर तोंडाला लावून वाकून बसली. कोरडा पदर. माझं डोकं तिनं तिच्या मांडीत दाबून धरलं होतं. किती वेळ गेला कळत नव्हतं. डोळे उघडवत नव्हते. सगळीकडं पिवळसर अंधार. आपण इथंच मरणार असं मला वाटलं, आणि आई आठवली, आणि मी लहान मुलीसारखी रडायला लागले.

"किती वाजले, गार्डबाई?" आजीनं विचारलं.

मला वाटलं तिला भ्रम झालाय. मी कसाबसा हात डोळ्यांपाशी नेला.

"तीन वाजायला आले."

"मंग तो वरचा केव्हाच गेला असन." ती खोकत खोकत म्हणाली. "चांगलं झालं. तुही नोकरी वाचली."

ती चिडवत नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं.

तेव्हा मला कळलं. मेसेज आला असता तर बोरकुटे साहेब, मजूर, पाला उडवणारी यंत्रं, सगळे याच कक्षाकडं निघाले असते. उशिरा का होईना, कुणीतरी निघालं असतं. आता कुणी निघणार नव्हतं. आम्ही इथं आहोत हे जगात कुणाला ठाऊक नव्हतं, कुणाला दिसत नव्हतं. दिसू नये याची सोय मीच केली होती, वहीत तक्ते मांडून.

चारनंतर जाळ चढावर निघून गेला आणि रस्त्यापाशी जाऊन मंदावला. आम्ही काळ्यातून चालत वर आलो. गाडी रस्त्याच्या पलीकडं होती म्हणून वाचली. आजी चार पावलं टाकायची आणि थांबायची. तिला मागं बसवून, तिच्याच पदरानं माझ्या पाठीला बांधून, चौदा किलोमीटरवरच्या दवाखान्यात नेलं. तिची छाती माझ्या पाठीवर घरघरत होती, ती मला अजून जाणवते.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी तिची छाती तपासली आणि विचारलं, "कसला धूर लागला, आजी?"

"चुलीचा."

"चुलीचा? एवढा?"

"ओली लाकडं होती," ती म्हणाली आणि माझ्याकडं बघितलं.

डॉक्टरांनीही माझ्याकडं बघितलं. माझा गणवेश, चेहरा, केस, सगळं काजळलेलं. मी तोंड उघडलं असतं तर तिथंच सगळं संपलं असतं. मी म्हणाले, "हो, चुलीचाच."

उपग्रहाच्या रात्रीच्या फेरीपर्यंत आग विझली होती. मेसेज आला नाही. दुसऱ्या दिवशी बोरकुटे साहेब आले. आजीनं नि मी काय केलं ते मी त्यांना सांगितलं. चढाच्या माथ्यावर उभे राहून त्यांनी खाली पसरलेलं काळं जंगल बघितलं. बारा-तेरा हेक्टर तरी असेल.

"मेसेज आहे का याचा?"

"नाही, सर."

"मग?"

"सर, पण जळलंय ना. पंचनामा करायला हवा. मी लिहिते अहवाल, काय झालं ते सगळं."

ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही अहवाल लिहिला तर आधी तुम्ही जाल, मग ती म्हातारी कोर्टात जाईल, आणि मग माझी चौकशी. उपग्रहात नाही ते लागलंच नाही. पावसाळ्यात हिरवं होतं सगळं."

ते मला वाचवत होते की स्वतःला, मला माहीत नाही. मला गप्प बसवायला म्हातारीचं नाव मात्र त्यांनी नेमकं वापरलं. मी अहवाल लिहिला नाही.

जूनमध्ये हंगाम संपला. माझ्या बीटात मार्चपासून एकही आग नव्हती. रेंजच्या कार्यक्रमात मला प्रशस्तिपत्र मिळालं. मोठ्या साहेबांनी विचारलं, हे कसं साधलं? बोरकुटे साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "लोकसहभागातून, सर." टाळ्या वाजल्या.

परतताना मी रमोतीआजीकडं गेले. ती दारात बसलेली होती. आता ती दारातच बसायची. त्या वर्षी तिच्या तीन मोहांची फुलं वेचायला ती गेलीच नाही. झळीनं कळ्या करपल्यामुळं वेचण्यासारखं काही उरलंही नव्हतं. मी तिच्यासाठी गोळ्यांची पुडी आणली होती. प्रशस्तिपत्राची गुंडाळी लपवायची राहून गेली.

"काय आनलं व?"

"काही नाही. कागद आहे."

"काय लिवलं हाये?"

मला खोटं सांगता आलं असतं. तिला वाचता येत नव्हतं.

"माझ्या बीटात आग लागली नाही, असं लिहिलंय."

ती आधी हसली. हसता हसता तिला ढास लागली, ती थांबेपर्यंत मी तिची पाठ चोळत राहिले. मग तिनं श्वास घेतला आणि अगदी साधेपणानं, खरंच कळून घ्यायचं असल्यासारखं विचारलं, "मंग आपन दोघी कशात बसल्या होतो व?"

मी गोळ्यांची पुडी तिच्या हातात ठेवली आणि निघाले.

पुढचे मोह फुलायच्या आधीच ती गेली. गावात सगळे म्हणाले, दमा होता. तिला दमा कधीच नव्हता. माझी नोकरी कायम झाली.

आता मी स्वतः वनपाल आहे, नदीपलीकडच्या राऊंडला, त्या गावापासून साठेक किलोमीटरवर. आता आमच्याकडं चांगल्या यंत्रणा आहेत, धूर कुठून कुठं सरकतो तेही पडद्यावर दिसतं. कार्यालयात सगळे खूश असतात, दुपारचे टिपके दरवर्षी कमी होत चाललेत.

गेल्या मार्चमध्ये मी फिरतीवर होते. ऊन मी म्हणत होतं. एका मोहाखाली एक बाई बसलेली दिसली. चाळिशीची असेल. बाजूला टोपली, हातात काडेपेटी. मी गाडी थांबवली.

"जाळायचंय का, ताई?"

"हो जी. पन वेर व्हायची हाये अजून."

"सकाळी का नाही जाळलं? दव असतं तेव्हा."

ती माझ्याकडं बघून हसली. परक्या माणसाला समजावून सांगावं तसं म्हणाली, "सकारी कोनी जारत नाही, मॅडम. इकडे समदे दोन वाजून गेल्यावरच जारतेत. रीतच हाये तशी."

मी खाली उतरले. "कुणी सांगितलं?"

"नदीपलीकडे कोनी गार्डबाई होती म्हनते, तिनं सांगतलं. माह्या मामीच्या गावाकडे. लय वर्षं झाली." ती थांबली आणि मग सांगायचं राहून जाऊ नये म्हणून घाईनं म्हणाली, "लय चांगली होती म्हनतेत ती बाई. गरिबाची कीव होती तिले."

चढावर सागाची पानं पडलेली होती, घोट्यापर्यंत. वारा अजून उठला नव्हता. त्या बाईनं काडेपेटी या हातातून त्या हातात घेतली.

"किती वाजले, मॅडम?"

मी घड्याळ बघितलं. मग तिच्या टोपलीत आडवा पडलेला खराटा उचलला, आणि तिला म्हणाले, "ती बाई चांगली नव्हती."